सातव्या पायरीवरची खुर्ची

१. वस्तूचे नाव. (जास्तीत जास्त चाळीस अक्षरे)

मिस्त्रींनी लिहिलं, खुर्ची. मग वाटलं, खुर्ची म्हटल्यावर तिकडचा माणूस चार पायांची समजायचा. पुसलं. जिन्याची खुर्ची, असं लिहिलं. तेही पटेना, कारण जिन्याला खुर्ची कशाला लागते हे ज्याच्या घरात तशी वेळ आली नाही त्याला कळणार नाही. तिसऱ्यांदा त्यांनी नीट सांगायला घेतलं: भिंतीलगत रूळ असतो, त्यावरून खुर्ची वरखाली जाते, माणूस बसतो, बटण दाबतो आणि पाय न उचलता

इथे चौकट लाल झाली. उरलेली अक्षरे: शून्य.

"काय लिहिलंत?" जिन्याच्या वरून आवाज आला.

"नाव."

"अर्धा तास नुसतं नाव? बारसं करताय का तिचं?"

वर होत्या मिस्त्रींच्या बायको. गिऱ्हाइकांच्या काकू. घर म्हणजे खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मध्ये तेरा पायऱ्यांचा जिना, इतका चिंचोळा की संसाराचं पहिलं कपाट खिडकीतून आत घ्यावं लागलं होतं. पाच महिन्यांपूर्वी काकू न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधून डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर पायरी चढायची नाही, उतरायची नाही. इस्पितळातून आणलं तेव्हा चौघांनी उचलून त्यांना वर ठेवलं आणि चौघे आपापल्या घरी गेले.

पंचाईत झाली ती दुकानाची. पंखा, इस्त्री, शिलाईचं मशीन, रेडिओ, जे बिघडेल ते मिस्त्रींच्या टेबलावर यायचं. पण हात मिस्त्रींचे आणि तोंड काकूंचं, असा तो धंदा होता. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, असं म्हणतात ना, मिस्त्री त्यातले गहूवाले. गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायचे, "ठेवा." झालं. काय बिघडलंय, कधी मिळेल, होणार आहे की नाही, कशाचंच उत्तर नाही. माणसं इस्त्री काखोटीला मारून परत जायला लागली.

"आणि तुम्ही त्यांना थांबवतही नाही," काकू वरून म्हणायच्या. "मला इथे ऐकू येतं सगळं. दाराची घंटी दोनदा वाजते. एकदा येताना, एकदा जाताना. मध्ये काही म्हणजे काही नाही!"

त्या दिवसभर जिन्याच्या वरच्या टोकाला स्टूल टाकून बसायच्या. तिथून खाली दिसायचा फरशीचा एक तुकडा आणि त्यावरून येणारे-जाणारे पाय. "मला आता पायांवरून माणूस ओळखता येतो," असं त्या लेकीला फोनवर हसत हसत म्हणाल्या, आणि ते ऐकून तिकडे लेक रडली.

म्हणून ही खुर्ची, लेकीने घेऊन पाठवलेली, आणि बिघडली म्हणून आता हा तक्रारीचा फॉर्म.

२. खरेदीचा देश.

लेक राहते दोन सीमा ओलांडून पलीकडे. विक्रेता तिसऱ्याच देशात. खुर्ची इथे. फॉर्ममध्ये देश लिहायला चौकट एक.

मिस्त्रींनी लेकीचा देश लिहिला. फॉर्म म्हणाला, आपण तेथील रहिवासी नाही. स्वतःचा लिहिला. फॉर्म म्हणाला, आपण खरेदीदार नाही. शेवटी विक्रेत्याचा लिहिला, तर फॉर्मची भाषाच बदलली, आणि परत आपल्या भाषेत कसं यायचं ते लिहिलेलं होतं त्या भाषेत.

"एका म्यानात तीन तलवारी," काकू म्हणाल्या. "बंद करा आणि पहिल्यापासून घ्या."

१. वस्तूचे नाव.

खुर्ची. या खेपेला तेवढंच.

२. खरेदीचा देश.

लेकीचा. रहिवासी आहात का? हो. मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या नावाने हो म्हटलं आणि बोट भाजल्यासारखं मागे घेतलं.

३. दोष थोडक्यात सांगा. (दोनशे अक्षरे)

सोळा दिवस नीट चालली. सतराव्या दिवशी सातव्या पायरीवर थांबली. आता हलत नाही.

एवढं बसलं. जे बसलं नाही ते असं.

पहिले सोळा दिवस काकू दिमाखात उतरायच्या. "बाजूला व्हा, स्वारी येतेय!" असा वरूनच पुकारा. खुर्ची घूं घूं करत यायची, काकू मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या, जणू गावाला निघाल्यात. खाली आल्या की गल्ल्यामागच्या आपल्या जागेवर बसायच्या आणि दुकानाला वाचा फुटायची. "हे बघा, तुमचा पंखा जुना नाही, तुम्ही त्याला पुसत नाही." लोक ऐकून घ्यायचे, हसायचे, आणि पंखा ठेवून जायचे.

सतराव्या दिवशी सकाळी मधोमध 'कट्' असा आवाज झाला.

तेरा पायऱ्यांत सातवी म्हणजे वरून मोजा की खालून मोजा, सातवीच. काकू तिथे अधांतरी. ना वर, ना खाली. उतरावं तर पायरी चिंचोळी, पाय टेकायची मनाई.

"अहो!"

"काय?"

"अडकले."

दुसरा कोणी असता तर आधी पाण्याचा पेला घेऊन धावला असता. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावले. खुर्चीच्या कुशीला एक झाकण होतं, झाकणावर चंदेरी चिकटपट्टी, पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: हे सील तोडल्यास हमी संपेल. मिस्त्रींनी ते वाचलं नाही असं नाही. वाचलं. पण बायको लटकलेली असताना कोण चिकटपट्टी वाचून हात मागे घेईल? आणि तोही मिस्त्री? मोडकी वस्तू समोर असली की ज्याचे हात नुसते शिवशिवतात तो?

आत एक स्प्रिंग मेलेली होती. त्यांनी आपल्या डब्यातली बसवली. चाळीस मिनिटांनी खुर्ची घूं घूं करत काकूंना घेऊन वर गेली. काकूंना उतरवून मिस्त्रींनी ती रिकामी खाली सोडून पाहिली. सातवी पायरी. कट्. तिथेच बसली ती बसलीच.

तेव्हा त्यांनी गुडघे टेकून रूळ पाहिला. रुळाच्या आतून एक दातेरी पट्टी जाते, तिच्यावर खुर्चीचं चाक चढतं-उतरतं. सातव्या पायरीपाशी ते दात झिजून गुळगुळीत झाले होते. दुखणं दातांचं, आणि बोल स्प्रिंगला. अशी पट्टी मिस्त्रींच्या टेबलावर होण्यातली नव्हती. पूर्ण रूळच नवा हवा, आणि तो ज्याने विकला त्याच्याकडेच. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी इतक्या लवकर हात टेकले नव्हते.

पण त्याआधीच, म्हणजे स्प्रिंग बसवून झाकण लावायच्या आधी, त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. कानावरची पेन्सिल काढून झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: तारीख. स्प्रिंग बदलली. आणि खाली एक छोटा त्रिकोण.

त्रिकोण म्हणजे मिस्त्री. त्यांनी आजवर उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात तो आहे. ज्या उस्तादाकडे ते शिकले त्याची ही शिस्त. घड्याळ असो की पंखा, आत काय केलं ते लिहून झाकायचं, म्हणजे पुढे जो कोणी उघडेल त्याला कळावं की आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं आणि काय करून गेलं. आणि एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. गिऱ्हाइकाला एखादवेळेस थाप चालेल, उस्ताद म्हणायचा, झाकणाच्या आत नाही.

"मी तिथे लटकलेली," हे कळलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "आणि तुम्ही आत तारीख घालत होतात?"

४. वस्तूवरील सील अखंड आहे का? हो / नाही.

नाही.

क्षमस्व. आपला अर्ज पुढे नेता येत नाही. अधिक मदतीसाठी सीमापार ग्राहक साहाय्य कार्यालयात यावे. आपला अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.

"एक द्या," काकू वरून म्हणाल्या.

"एकही नाही असं नाही देता येत?"

"येत असतं तर त्यांनी विचारलं असतं का?"

कार्यालयात (इथे क्रमांक होता, पण तो मिस्त्रींच्या हातातल्या चिठ्ठीवर: एकशे बारा)

काचेपलीकडे एक मदतनीस बाई होती, लेकीच्याच वयाची, चष्मा दोरीने गळ्यात. मिस्त्रींनी खिशातला फोन काढून काचेसमोर उभा ठेवला.

"हे काय?"

"बायको आहे. ती बोलेल."

"नमस्कार हो!" फोन म्हणाला. "मी जिन्याच्या वर आहे."

मग काकूंनी सांगितलं, आणि मदतनीस बाईने खरोखर ऐकलं. मध्ये एकदाही कीबोर्ड वाजला नाही. तीन देशांचं ऐकून ती म्हणाली, "त्यात काही नाही. लेकीकडून एक पत्र मागवा, की माझ्या वतीने आईवडील तक्रार करतील. तिकडच्या देशातही आमच्यासारखंच कार्यालय आहे, पुढचं आम्ही आपसांत बघतो. हा गुंता सोडवायलाच आम्ही इथे बसलोय."

"बघा!" फोन म्हणाला.

"आणि दुसरं. घेतल्यापासून पहिल्या काही महिन्यांत वस्तू बिघडली तर दोष तिच्यात मुळातच होता असं धरतात. नव्हता, हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. तुम्ही नाही. दुरुस्त करून द्या किंवा बदलून द्या, हा तुमचा हक्क आहे. उपकार नाहीत त्यांचे."

"बघा, बघा!"

"फक्त," मदतनीस बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला, "कोणी आत हात घातला असेल तर ते म्हणतात, दोष तुम्हीच केलात. मग उलटं होतं. सिद्ध करायचं तुमच्या गळ्यात पडतं. कोणी उघडलंय का?"

मिस्त्री गप्प बसले, त्यात नवल नाही. पण फोनही गप्प बसला.

मदतनीस बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे, एकदा फोनकडे. "मी तपासणी मागवते," ती शेवटी म्हणाली. "विक्रेत्याचा माणूस येईल नऊएक दिवसांत. तोवर खुर्ची आहे तशी, आहे तिथे. हलवायची नाही. हलवली तर पुरावा गेला."

"तोवर मी?" फोनने विचारलं.

पुढचा माणूस एकशे तेरा क्रमांकाची चिठ्ठी हातात धरून मागे येऊन उभा राहिला होता. बाईला काहीतरी गोड बोलता आलं असतं.

"तोवर वर," ती म्हणाली.

अर्जदाराने या जागेत काही लिहू नये

"पुसून टाका," काकू म्हणाल्या.

"काय?"

"ते आतलं. तारीख आणि त्रिकोण. आणि वरून चंदेरी कागद कापून लावा. वकिलांच्या घड्याळाची काच बाटलीच्या बुडापासून केली होतीत, कोणाला कळलं? इथे एक पट्टी जड जाते?"

"पुसत नाहीत ते."

"उस्ताद?"

"हं."

"उस्तादांना म्हणावं, मोडक्या खुब्याने इथे येऊन बसा दोन दिवस. खाली बघत. आज किती पाय गेले सांगू? एक्केचाळीस."

मिस्त्रींनी मान वर केली. "एक्केचाळीस कसे?"

"एकजण कुबडीवर होता." त्या हसल्या नाहीत. "अहो, मला खाली यायचंय. दुसरं काही नको मला. तुमच्या त्रिकोणापेक्षा मी मोठी नसेन, तर तसं सांगा."

एवढं म्हटल्यावर काय करणार? मिस्त्रींनी खिशात खोडरबर टाकलं, हातआरसा घेतला आणि सहाव्या पायरीवर बसून खुर्चीचं झाकण पुन्हा उघडलं. पहिल्या खेपेला ते अर्धवट कलतं करूनच काम उरकलं होतं, जीव टांगणीला होता. आता निवांत होतं. त्यांनी झाकण पूर्ण सोडवलं, उलटं केलं आणि आरशाने खिडकीतला उजेड त्यावर पाडला.

आपला त्रिकोण दिसला. त्याच्या वर, कोपऱ्यात, जिथे त्यांनीही जागा असती तर लिहिलं असतं, अजून काहीतरी होतं. पेन्सिलीचंच. आकडे ओळखीचे, अक्षरं परकी, आणि खाली एक छोटं वर्तुळ, मध्ये टिंब.

तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

खोडरबर खिशात तसंच राहिलं. मिस्त्री तिथे किती वेळ बसले होते कोण जाणे, वरून दोनदा "अहो" झालं, तिसऱ्यांदा फक्त "अ" झाला. मग त्यांनी फोटो काढून लेकीला पाठवला. तिच्या कामावर विक्रेत्याच्या देशाची एक बाई होती. दुकानातल्या स्टोव्हवरचा चहा गाळून होईपर्यंत उत्तर आलं.

"बाबा, तिथे लिहिलंय, स्प्रिंग बदलली."

"तेच?"

"तेवढंच. पण बाबा, त्यांनी मला नवी कोरी म्हणून दिली. माझ्याकडे कागद आहे तसा. मला खरंच माहीत नव्हतं." हे ती पुढे सहा वेळा म्हणाली.

म्हणजे खुर्ची जुनी. कुठल्या तरी दुसऱ्या जिन्यावर झिजलेली, कोणातरी दुसऱ्या मिस्त्रीने उघडलेली, पुसूनबिसून पुन्हा नवी म्हणून विकलेली. दोष आधीचाच होता, याहून मोठा पुरावा कुठला? आणि तो पुरावा दाखवायचा कसा, तर आपण झाकण उघडलं हे कबूल करून. कबूल केलं की अर्ज बंद. लपवलं तर पुरावा आत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मिस्त्रींनी काहीच पुसलं नाही. झाकण लावलं. भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून, चहाचे दोन कप डोक्याच्या वर धरून ते खुर्चीच्या बाजूने सरकले आणि वर जाऊन काकूंच्या शेजारी बसले. त्या जिन्यात तेवढीच फट होती आणि मिस्त्री काटकुळे होते म्हणून बरं.

कप हातात घेत काकू म्हणाल्या, "कोण असेल हो तो?"

"कोण?"

"वर्तुळवाला."

"हात चांगला आहे. एकही स्क्रू तिरका नाही."

"मग त्याला कळलं नसेल? दात गेलेत म्हणून?"

"कळलं असणार."

"आणि तरी स्प्रिंग बदलून मोकळा झाला!"

"नवी दातेरी पट्टी दिली नसेल कोणी त्याला," मिस्त्री म्हणाले. "मला तरी कुठे दिली?"

५. तपासणीची तारीख.

नऊ दिवसांचे चौदा झाले. तपासनीस आला तो राखाडी बॅग घेऊन, बाहेर गाडी उभी ठेवून. आपली भाषा तो पुस्तकातून शिकलेला होता, प्रत्येक शब्द धुऊन वाळवून आणल्यासारखा. त्याने जिना मोजला, रूळ मोजला, फोटो काढले. मग झाकणावर बोट ठेवलं.

"सील तुटलेले आहे."

"मी तोडलं," मिस्त्री म्हणाले.

वर स्टूल करकरलं.

तपासनीसाने एका चौकटीत खूण केली आणि झाकण उघडून आत टॉर्च मारला. तो वाचत राहिला. तीन शब्द वाचायला इतका वेळ लागत नाही. वर्तुळापाशी त्याचा अंगठा आला आणि तिथेच थांबला.

"हे आमच्या कार्यशाळेतले आहे," तो म्हणाला. मग टॉर्च बंद करून सहाव्या पायरीवर बसला. मिस्त्री पाचवीवर उभे.

"तुम्ही दुरुस्ती करता?"

"हं."

"मीही करत होतो. आधी." त्याने खाली दुकानाच्या टेबलाकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "पाहा. मी झाकण लावतो. लिहितो, सील उष्णतेने सुटले. तुमचे मी पाहिले नाही, आमचे तुम्ही पाहिले नाही. बॅगेत नवी स्प्रिंग आहे. आता बसवतो. अर्ध्या तासात बाई खाली."

अर्ध्या तासात. गेला पंधरवडाभर मिस्त्रींनी एवढंच मागितलं होतं.

"किती दिवस चालेल?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"सोळा."

"तेल घातले तर वीस."

"आणि नाहीतर?"

"नाहीतर मी दोन्ही लिहितो. तुमची तारीख, आमची तारीख. मग खुर्ची पुरावा होते. आमचे वकील, तुमचे कार्यालय. चार महिने, अधिकही. पण मग त्यांना नवी द्यावी लागेल असे मला वाटते." तो उठला. "वाटते. खात्री नाही. माझी नोकरीही त्यात आहे, तर लवकर सांगा."

मिस्त्री भिंतीला घासत वर गेले. काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी केस नीट केले होते आणि पर्स मांडीवर घेतली होती.

"अर्ध्या तासात म्हणाला ना?"

"हो."

"गल्ल्यावर बसेन. दारातून रस्ता दिसेल. माणसं दिसतील, अख्खी. डोक्यासकट."

"हो."

"आणि वीस दिवसांनी?"

"सातवी पायरी."

"नुसती थांबेल ना? लटकेन पुन्हा, काय मोठंसं. तुम्ही आहात."

मिस्त्रींनी हाताच्या पंजाकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. "दात नसले की थांबेलच असं नाही," ते म्हणाले. "सुटूही शकते."

"म्हणजे खाली जाईल? माझ्यासकट?"

"सांगता येत नाही."

काकूंनी पर्सची चेन उघडली, लावली, उघडली. खाली तपासनीस घड्याळ बघत होता. फरशीवरचा उन्हाचा तुकडा त्याच्या बुटांवर चढला होता.

"आणि आपण गप्प बसलो," त्या सावकाश म्हणाल्या, "तर ते ही खुर्ची परत नेतील, पुसतील आणि अजून कोणाच्या तरी आईला नवी म्हणून देतील. तिथे तिसरा मिस्त्री आत तारीख घालत बसेल आणि त्याची बायको लटकलेली." त्यांनी पर्स खाली ठेवली. "लिहा म्हणावं दोन्ही."

"चार महिने, अगं."

"मला मोजता येतं. तुम्ही नका मोजून दाखवू." त्यांचा आवाज फाटला, मग त्यांनी तो सावरला. "कागद आणा, सही करते. आणि त्याची सही आधी घ्या. माणूस बरा आहे, पण पाय घाईचे आहेत."

तपासनीसाने लिहिलं, सही केली, कागद खुर्चीवरून पलीकडे दिला. मिस्त्रींनी तो वर नेऊन काकूंची सही घेतली आणि आठव्या पायरीवर येऊन परत दिला. मग त्याने बॅगेतून पिवळी चिकटपट्टी काढली, तिच्यावर पुरावा, पुरावा, पुरावा असं छापलेलं. खुर्चीच्या हातापासून समोरच्या भिंतीपर्यंत एक. पाठीपासून भिंतीपर्यंत दुसरी. मग तिरपी तिसरी, चौथी. काम कसं नेटकं. प्रत्येक टोकावर शिक्का, तारीख. फोटो.

मिस्त्री कौतुकाने बघत होते. पट्टीला एक सुरकुती नव्हती.

"फोटो झाला. आता पट्टी तुटली किंवा सुटली तर पुरावा संपला," तपासनीस म्हणाला. "चार महिने हात नाही लावायचा."

तेव्हा कुठे मिस्त्रींच्या लक्षात आलं की आपण आठव्या पायरीवर आहोत. जाण्यायेण्याची फट खुर्ची आणि भिंतीच्या मध्ये होती. तिथे आता पुरावा होता.

"अहो, बोला!" काकू वरून ओरडल्या. "निदान आत्ता तरी तोंड उघडा!"

"मी," मिस्त्री म्हणाले.

दाराची घंटी वाजली. बाहेर गाडी सुरू झाली आणि गेली.

६. आपल्या तक्रारीची सद्यस्थिती: प्रक्रियेत.

दोघं वरच्या पायरीवर शेजारी शेजारी बसली. स्वयंपाकघर वर होतं, त्यामुळे उपाशी मरायची भीती नव्हती. पण भाजी खाली, औषधाचं दुकान खाली, टेबलावर अर्धा उघडलेला पंखा, तोही खाली.

"मदतनीस बाईला फोन करू?" काकूंनी विचारलं.

"ती म्हणेल, तोवर वर."

काकू आधी नाकातून हसल्या. मग तोंडावर हात ठेवून. मग हात काढून, खुबा सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिस्त्रींना वाटलं रडतायत, म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने त्या खरंच रडत होत्या.

घंटी पुन्हा वाजली. फरशीच्या तुकड्यावर दोन पाय येऊन थांबले, बाईचे, चपला ओल्या. हातात काहीतरी जड असावं, कारण पाय फाकलेले होते.

मिस्त्री उठले. आठव्या पायरीपर्यंत गेले आणि वाकून पाहिलं. खुर्चीच्या पावलं ठेवायच्या फळीखाली, सगळ्यात खालच्या पट्टीच्याही खाली, वीतभर जागा होती. वीतभर आणि वर दोन बोटं. ते पायरीवर पालथे झाले आणि पाय खाली सोडून मागे मागे सरकायला लागले, तोंड वर काकूंकडे.

"सावकाश! डावा पाय खाली घ्या. अजून. टेकला?"

"हं."

"आता पोट आत. मान तिरकी करा, पट्टी लागेल. तशी नव्हे, दुसरीकडे! श्वास सोडा आणि घेऊ नका."

मिस्त्रींनी श्वास सोडला. बरगड्यांवरून पायरीची कड गेली. डोक्यावर पिवळी पट्टी केसभर अंतरावर थरथरली आणि थांबली. ते अर्धे अलीकडे होते, अर्धे पलीकडे.

खालचे पाय एक पाऊल मागे सरले. "कोणी आहे का?" बाईने विचारलं. "मालक आहेत का?"

"येतायत," काकू म्हणाल्या. "जरा वेळ लागेल. तोवर काय बिघडलंय ते मला सांगा."